पोर्ट ऑफ स्पेन : रस्त्यावर घडलेली राजधानी

नवे शहर पाहायला निघालेल्या माणसाला वाटाडे आधी इमारती दाखवितात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांची रीत थोडी निराळी. नव्या गावात पाऊल टाकले की आम्ही प्रथम सभेचे मैदान कोठे आहे ते विचारतो. त्या मैदानावर कोणाला बोलू दिले, कोणाला हुसकावले आणि लाठी कधी चालली, एवढे कळले की गावाचा निम्मा इतिहास कळला असे समजावे. या रीतीने पाहण्याजोग्या शहरांत कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन हिचा क्रमांक फार वरचा आहे. जगभर नावाजलेले तेथील संगीत आणि तेथील मिरवणुका या दोन्हींवर सरकारने केव्हा ना केव्हा बंधन घातलेले होते. बंधने मोडून जे उरले, त्यालाच आज त्या देशाची संस्कृती म्हणतात.

शहर लहान आहे. २०११ च्या जनगणनेत त्याच्या हद्दीतील वस्ती अवघी ३७ हजारांच्या आसपास भरली. भोवतालची उपनगरे धरली म्हणजे ती कित्येक पटींनी वाढते. समोर पारियाचे आखात, आखातापलीकडे व्हेनेझुएला आणि पाठीशी हिरवे डोंगर. या किनाऱ्यावर मूळ रहिवाशांची वस्ती होती आणि तिला ते कुमुकुरापो म्हणत. त्यांचा मागमूसही राहिला नाही असे पुष्कळांना वाटत असे. पण २०१३ साली पार्लमेंटच्या इमारतीची दुरुस्ती चालली असताना जमिनीखाली त्या लोकांच्या अस्थी आणि वस्तू सापडल्या. कायदे करणाऱ्यांच्या पायांखाली देशाचे पहिले मालक झोपलेले होते.

१७५७ साली स्पॅनिश गव्हर्नराने आपला मुक्काम आतल्या सान होसे गावाहून या बंदरात हलविला. परंतु शहराला खरा आकार आला तो १७८३ च्या राजाज्ञेने. कॅथलिक धर्माचा आणि स्पेनच्या राजाशी इमान राखणारा कोणीही परदेशी येवो, त्याला जमीन फुकट मिळे. बरोबर गुलाम जितके जास्त, तितकी जमीन जास्त. मिश्रवर्णी स्वतंत्र माणसाला गोऱ्याच्या निम्मी जमीन मिळे. या आमिषाने फ्रेंच मळेवाले आपापले गुलाम घेऊन आले आणि स्पॅनिश अमलाखालच्या गावात फ्रेंच बोली रुळली. १७९७ साली इंग्रजांनी बेट जिंकले. रस्त्यांच्या आणि चौकांच्या नावांत हे तिन्ही थर अजून दिसतात. गावातून वाहणारी सेंट ॲन नदी गव्हर्नर चाकोन याने १७८७ च्या सुमारास पूर्वेच्या टेकडीच्या पायथ्याशी वळविली. आज ती सिमेंटचा नाला झाली आहे आणि लोक तिला कोरडी नदी म्हणतात. पलीकडची टेकडी म्हणजे लॅव्हेंटील. गुलामीतून सुटलेल्यांनी तेथे झोपड्या घातल्या. नदीच्या अलीकडे पेढ्या, पलीकडे हातावर पोट असणारे, ही शहराची विभागणी पाहुण्याने आधी ध्यानात घ्यावी.

आता वुडफर्ड स्क्वेअरकडे वळू. इंग्रज गव्हर्नर राल्फ वुडफर्ड याने १८१३ ते १८२८ या काळात शहराची आखणी केली, त्यांतला हा चौक. पूर्वी त्याचे नाव ब्रन्सविक स्क्वेअर होते. चौकाच्या एका अंगास रेड हाउस, म्हणजे पार्लमेंट. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून इमारतीला लाल रंग दिला आणि तेच नाव पडले. पुढे सहाच वर्षांनी सरकारने पाणीपट्टीचे नवे विधेयक आणले. ज्या सभागृहात ते मांडायचे तेथे प्रेक्षकांना तिकिटावाचून प्रवेश नाही, असा हुकूम निघाला. लोकांचे पाणी, लोकांचा पैसा आणि ऐकायला मात्र तिकीट! २३ मार्च १९०३ रोजी चौकात जमाव जमला, दगड सुटले आणि रेड हाउस जळाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांत १६ माणसे मेली. आज दिसते ती इमारत त्यानंतर बांधलेली असून ती १९०७ साली खुली झाली. २७ जुलै १९९० रोजी एका सशस्त्र गटाने हीच इमारत ताब्यात घेऊन पंतप्रधान रॉबिन्सन यांच्यासह अनेकांना सहा दिवस ओलीस धरले. दीर्घ दुरुस्तीनंतर २०२० च्या जानेवारीत पार्लमेंट येथे परत आले.

जेथे गोळीबार झाला, तोच चौक पुढे शाळा झाला. इतिहासकार एरिक विल्यम्स यांना एका आंतरराष्ट्रीय आयोगातील नोकरी सोडावी लागली, तेव्हा १९५५ च्या जून महिन्यात त्यांनी या चौकात उभे राहून आपली बाजू लोकांपुढे मांडली. पुढे व्याख्यानांची मालिकाच सुरू झाली. साखरेचा व्यापार, गुलामगिरीचे अर्थकारण, राज्यघटना असे एरवी कॉलेजात बंद राहणारे विषय गोदी कामगार, मोलकरणी आणि शिक्षक रात्री उभ्याने ऐकत. या चौकाला लोक वुडफर्ड स्क्वेअरचे विद्यापीठ म्हणू लागले. फी नाही, हजेरीपट नाही, पदवीही नाही. १९५६ साली विल्यम्स यांचा पक्ष निघाला, तो निवडणूक जिंकला आणि ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात जी व्याख्यानमाला सुरू केली तिच्या परंपरेतल्या आपणां श्रोत्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. आम्ही स्वतः जे काही शिकलो ते अशाच उघड्यावरच्या वर्गांत शिकलो. पण कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७० साली याच चौकात तरुण आणि कामगार विल्यम्स यांच्याच सरकारविरुद्ध जमले, आणि एप्रिलमध्ये सरकारने आणीबाणी पुकारून पुढाऱ्यांना अटक केली. चौकात शिकवून सत्तेवर गेलेल्यालाही चौकाची भीती वाटू लागते, हा धडाही त्याच विद्यापीठातला.

त्या वेळी तेल कामगारांचे पुढारी जॉर्ज वीक्स यांना नेल्सन बेटावर डांबले होते. बंदराजवळच्या आखातातले हे लहानसे बेट पाहुण्याने अवश्य पाहावे, कारण आपल्या देशाचा धागा तेथे अडकलेला आहे. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु उमेदवारीच्या नावाखाली आणखी सहा वर्षे राबण्याची अट राहिली. त्याच दिवशी वयोवृद्ध गुलाम निःशस्त्र जमले आणि सहा वर्षे नकोत, असा घोष करून त्यांनी गव्हर्नराचे भाषण बुडविले. १८३८ साली ती अटही गेली. मग मळेवाल्यांनी मजूर शोधले ते हिंदुस्थानात. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आले. १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४४ हजार माणसे आली. बहुतेक कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून. करार साधारण पाच वर्षांचा. त्या ॲग्रीमेंटलाच आपले लोक गिरमिट म्हणत. पुढे पुढे आलेल्या गिरमिटियांना आधी नेल्सन बेटावर उतरवून, तपासून, मग मळ्यांवर वाटून देत.

म्हणजे रस्त्यावर आता दोन जमाती झाल्या, आणि सरकारला दोघींच्या मिरवणुकांचा धसका. आफ्रिकी वंशाचे लोक कार्निव्हलच्या पहाटेपूर्वी मशाली घेऊन ढोल वाजवीत निघत. मळ्यांत उसाला आग लागली की गुलामांना ती विझवायला पिटाळत. त्याच अपमानाचा हा उत्सव केलेला, म्हणून त्याचे नाव कानबुले, म्हणजे जळलेला ऊस. १८८१ साली पोलीस कॅप्टन बेकर याने मिरवणूक अडविली आणि मोठी चकमक झाली. गव्हर्नराला दुसऱ्या दिवशी पोलीस बराकीत ठेवावे लागले. १८८४ साली मात्र कायद्याने मशाली, ढोल आणि लाठीवाल्या टोळ्या यांवर निर्बंध आले. त्याच वर्षी हिंदी मजुरांच्या मोहरमच्या ताबुतांना शहरात यायला मनाई झाली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी दक्षिणेकडच्या सान फर्नांडो येथे ही मनाई मोडणाऱ्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुष्कळ मजूर मेले. त्या मिरवणुकीत हिंदू होते, मुसलमान होते आणि आफ्रिकी वंशाचे लोकही होते. सरकारने दोघांना निरनिराळे ठेवले, पण दंडुका दोघांना एकच होता.

ढोल गेला तेव्हा लोकांनी कळकाचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० नंतर बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे, जे हाती लागेल ते वाजू लागले. दुसऱ्या महायुद्धात बेटावर अमेरिकन आरमारी तळ आला, तेल होतेच, त्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. पंचावन्न गॅलनचे पिंप घेऊन त्याचे तोंड हातोड्याने वाटीसारखे आत खोलवायचे, सुरांच्या जागा आखून कोरायच्या, पिंप जाळावर तापवायचे, मग लहान हातोडीने एकेक सूर लावायचा आणि रबर गुंडाळलेल्या काड्यांनी वाजवायचे. स्टीलपॅन ते हेच. विन्स्टन सायमन, एली मॅनेट अशा तरुणांनी आपापल्या वस्त्यांत हे वाद्य घडविले. त्यांना तेव्हा प्रतिष्ठित लोक गुंड म्हणत. १९५१ साली त्यांतल्याच निवडक वादकांचा ताफा लंडनच्या उत्सवात वाजवून आला. १९९२ साली ते राष्ट्रीय वाद्य ठरले, आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरविला.

बंदराजवळ इंडिपेंडन्स स्क्वेअरमध्ये कॅप्टन सिप्रियानी यांचा पुतळा आहे. हा गोरा मळेवाला पहिल्या महायुद्धातून परतला आणि अनवाणी माणसाचा कैवारी झाला. कामगार संघटनेचा पुढारी म्हणून तो गाजला आणि आठ वेळा शहराचा महापौर झाला. त्याच्या आधीच, १९१९ च्या अखेरीस, येथील गोदी कामगारांनी संप करून पंचवीस टक्के पगारवाढ मिळविली होती. १९ जून १९३७ रोजी दक्षिणेतील फैजाबाद नावाच्या गावी उरायह बटलर यांच्या नेतृत्वाखाली तेल कामगारांचा संप पेटला आणि तो बेटभर पसरला. या संपातून युनियना उभ्या राहिल्या. तेल कामगार बहुतेक आफ्रिकी वंशाचे, साखर कामगार बहुतेक हिंदी. पण दोन्ही युनियनांचा पहिला अध्यक्ष एकच, एड्रियन कोला रिएन्झी, मूळ नाव कृष्णा देवनारीन. १९७३ पासून १९ जून हा तेथे कामगार दिनाच्या सुट्टीचा दिवस आहे. फोडा आणि झोडा या नीतीला यापेक्षा चोख उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

थकलेल्या पाहुण्याने मग क्वीन्स पार्क सव्हानाला जावे. साडेतीन किलोमीटरांचा फेरा असलेले हे मैदान वुडफर्डच्या काळातले. पश्चिमेच्या बाजूला सात भव्य वास्तू ओळीने उभ्या आहेत. कोको तेजीत होता त्या दिवसांतल्या त्या. त्यांतल्या क्वीन्स रॉयल कॉलेजात विल्यम्स, सी. एल. आर. जेम्स आणि व्ही. एस. नायपॉल शिकले. शहाळे प्यावे, कोपऱ्यावर डबल्स खावे. मऊ तळलेल्या दोन बाऱ्यांत चण्याची रसदार उसळ. बारा म्हणजे आपलाच वडा, भोजपुरी बोलीतून तेथे गेलेला. पश्चिमेस सेंट जेम्स वस्तीत रस्त्यांना कलकत्ता, दिल्ली, बनारस, मद्रास अशी नावे आहेत, आणि मोहरमात तेथे ताशांच्या गजरात ताबूत अजून निघतात. जवळच क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी विजय मिळविला तो येथे. दिलीप सरदेसायांनी ११२ धावा काढल्या आणि सुनील गावसकरांची ही पहिली कसोटी. एप्रिलमध्ये त्यांनी येथेच एका सामन्यात १२४ आणि २२० धावा केल्या. मग लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. आपल्याला हरविणाऱ्याचे गाणे गाणारे शहर मोठ्या मनाचे म्हटले पाहिजे.

पण आज सगळे आलबेल आहे असे समजू नये. कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी महागडे पोशाख विकत घेतलेल्यांच्या ताफ्यांभोवती रखवालदार दोर धरून चालतात, आणि ज्यांच्या पणज्यांनी हा रस्ता मिळविला ते दोराबाहेर उभे राहतात. लॅव्हेंटीलसारख्या वस्त्या टोळ्यांच्या हाणामाऱ्यांनी पोळल्या आहेत. २०२४ च्या डिसेंबरात देशात पुन्हा आणीबाणी पुकारावी लागली. तेव्हा जाणाऱ्याने स्थानिक माणसाला विचारून आणि त्याच्या सोबतीने फिरावे. मात्र दोन गोष्टी चुकवू नयेत. कार्निव्हलच्या शुक्रवारी पहाटे पिकाडिली रस्त्यावर १८८१ च्या चकमकीचे नाट्य होते, ते पाहावे. आणि त्याआधीच्या आठवड्यांत रात्री एखाद्या पॅनयार्डात जाऊन उभे राहावे. तेथे दिवसभर कामधंदा करून आलेली माणसे ओळीने उभी राहून एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटताना दिसतील. त्यांच्या हातात पिंप आहे, कारण एके काळी त्यांच्या हातातला ढोल काढून घेतला होता. एवढे ओळखून जो ऐकेल, त्याने पोर्ट ऑफ स्पेन पाहिले.