ट्रफल, बोडा आणि सात्या

चार दिवस झड लागून ऊन पडलं की उमरेड रोडच्या कडेला जंगलाकडच्या बाया सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, घेऊन बसतात. हुडकेश्वरचे आम्ही लोक गाडी थांबवून, फार घासाघीस न करता त्या घेतो. थोडा उशीर झाला की टोपली रिकामी. युरोपात अशीच ओढाताण ट्रफलसाठी होते, फक्त तिथे भाव ग्रॅमवर ठरतो. २००७ साली मकावचे कॅसिनोमालक स्टॅन्ली हो यांनी इटलीत पीसाजवळ सापडलेल्या दीड किलोच्या एका पांढऱ्या ट्रफलला ३ लाख ३० हजार डॉलर मोजले होते.

ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी बुरशी. ओक, हेझल अशा झाडांच्या कोवळ्या मुळांना तिचे तंतू वेढून बसतात, झाडाला मातीतलं पाणी नि क्षार पुरवतात आणि मोबदल्यात साखर घेतात. खातात तो या तंतूंवर धरलेला, बटाट्यासारखा ओबडधोबड गड्डा. तो मातीतच राहतो, त्यामुळे बीजाणू वाऱ्यावर सोडण्याची त्याला सोय नाही. म्हणून पिकला की तो असा दरवळतो, की रानडुकरं नि उंदीर माती उकरून त्याला खातात आणि विष्ठेतून बीजाणू दूर नेतात. काढणीचं सगळं तंत्र या वासावर उभं आहे.

जातींमध्ये मान इटलीतल्या आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलचा. तो शरदात निघतो, शिजवत नाहीत. गरम पदार्थावर त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या पाडतात. फ्रान्समधल्या पेरिगॉर्डच्या नावाने ओळखला जाणारा काळा ट्रफल ऐन हिवाळ्यातला. तो थोडी आच सोसतो आणि त्याची लागवडही होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ तालाँ या फ्रेंच शेतकऱ्याने ट्रफल देणाऱ्या ओकांखालची फळं वेचून पेरली आणि काही वर्षांनी नव्या झाडांखालीही ट्रफल निघाले. उन्हाळी ट्रफल स्वस्त आणि वासाला सौम्य. चौथी जात आपल्या हिमालयाची. १८९२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नावातच ‘इंडिकम’ आलं. दिसायला ती थेट पेरिगॉर्डसारखी, पण वासाला फिकी. चीनमधून ती भरपूर निर्यात होते, आणि काळ्या ट्रफलमध्ये भेसळीला वापरली जाते.

पूर्वी शोधायला डुकरीण नेत. तिला शिकवावं लागत नाही, पण सापडलेलं ती खाऊन टाकते आणि जमीनही नांगरून काढते. आता कुत्रा असतो. लागोत्तो रोमान्योलो ही कुरळ्या केसांची इटालियन जात त्यासाठी नावाजलेली. कुत्रा पंजाने जागा दाखवतो, मालक त्याला खाऊ देऊन बाजूला करतो आणि अरुंद पात्याच्या छोट्या खुरप्याने माती सोडवत गड्डा अलगद काढतो. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो इटलीचा १९८५ चा कायदा. कुत्र्याशिवाय शोध नाही, कच्चा ट्रफल काढायचा नाही, आणि केलेला खड्डा बुजवायचा. २०२१ साली युनेस्कोने इटलीतल्या या शोधकलेला वारशाच्या यादीत जागा दिली.

आपल्याकडे ट्रफलच्या सर्वांत जवळ जाणारी बुरशी गडचिरोली ओलांडून बस्तरात मिळते: बोडा. झारखंडात तिलाच रुगडा म्हणतात. नात्याने ती ट्रफलच्या जवळची नव्हे, पण राहणी तीच. सालवृक्षाच्या मुळांशी भागीदारी आणि मातीखाली गोटीएवढे गड्डे. पहिल्या पावसानंतर मातीला बारीक भेगा पडतात. त्या हेरून बाया टोकदार काडीने किंवा लोखंडी अवजाराने वरचा थर उकरतात. इथे कुत्रा लागत नाही. बोडा जून झाला की त्याचं कवच चांदणीसारखं उलगडतं आणि बीजाणू वाऱ्याने उडतात, म्हणजे प्राण्यांना बोलावणारा तसा वास त्याला नकोच. मात्र तोवर आतल्या पांढऱ्या गराची तपकिरी भुकटी झालेली असते. खायचा तो कोवळाच. दातांखाली कवच कुरकुरतं नि आत मऊ लागतं. हंगामाच्या तोंडाशी जगदलपूरच्या बाजारात किलोला हजार रुपयांच्या वर भाव जातो.

मग बोडा आपल्या उमरेड-भिवापूरच्या जंगलात का नाही? कारण इथे साग आहे. सागाची मुळंही बुरशीशी जोडी जमवतात, पण ती सूक्ष्म, वेगळ्या कुळातली. तिला असे गड्डे धरत नाहीत. बांबूचंही तसंच.

सागाच्या रानात ती जागा वाळवीने भरून काढली आहे. वारुळाच्या आत कामकरी वाळव्या पालापाचोळा नि लाकूड चावून स्पंजासारखा पोळा रचतात आणि त्यावर बुरशी पिकवतात. जे लाकूड वाळवीला पचत नाही ते बुरशी मऊ करते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षं जुनी आहे. पाऊस मुरला की त्या पोळ्यातून सात्या वर येते, टोपीच्या मधल्या टणक टोकाने माती फोडत. देठ खाली मुळासारखा निमुळता होत पोळ्यापर्यंत जातो, कधी हातभर. टिकलीएवढ्या सात्यांचीही एक जात आहे. वाळव्यांनी बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर त्या शेकड्यांनी उगवतात.

जाणती माणसं सकाळी लवकर जातात, टोपी मिटलेली असतानाच. देठाभोवतीची माती बोटांनी सैल करून हळूच ओढतात, काही सात्या उमलायला सोडतात. कुदळ घालणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. पोळा फुटला की ती जागा गेली. घरी आणल्यावर देठाची माती खरवडून, चार पाण्यांनी धुऊन त्याच दिवशी कांदा-लसणावर परतायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांत अळ्या पडतात. मसाला बेताचा हवा. सावजी रश्शात त्यांची चव दबते.

एक गोष्ट हुडकेश्वरच्या नव्या लेआउटमधल्या शेजाऱ्यांना कळकळीने सांगायची आहे. रिकाम्या प्लॉटच्या गवतात पावसाळ्यात उगवणारी मोठी पांढरी छत्री बहुधा सात्या नसते. टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं, आणि जून झाल्यावर खालच्या पाकळ्या हिरवट, अशी एक विषारी जात हिरवळीत सर्रास येते. शिजवूनही तिचा भरवसा नाही; खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. असं झालं तर उरलेली छत्री फेकून देऊ नका, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.