रेडिओ ऐकून नेट संपतं का?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. "ताई, मोबाईलवर रेडिओ लावला की घरातले म्हणतात, नेट संपेल, बंद कर." घरात एकच मोबाईल असेल तर मग तो हातातूनच जातो. म्हणून आज आपण याचा हिशोबच मांडू. हिशोब तर आपल्या रोजच्या सवयीचा!

आधी इंटरनेट रेडिओ म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या रेडिओवर मनोऱ्यावरून हवेतून आवाज येतो. आपल्यासारख्या सामुदायिक केंद्राचा आवाज साधारण १० ते १५ किलोमीटरपर्यंत पोचतो. केंद्रानं इंटरनेटची सोय केली असेल, तर तोच आवाज मोबाईलच्या नेटवरून कुठंही ऐकू येतो. प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' हे ॲप मोफत आहे. त्यावर आकाशवाणीच्या २०० हून अधिक वाहिन्या लागतात. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती आहे, मुंबईची अस्मिता वाहिनी आहे, पुणे आणि नागपूरही आहे. विदर्भातली लेक पुण्यात नांदत असेल, तर भाकऱ्या थापता थापता तिला नागपूर केंद्र ऐकता येतं.

आता हिशोब. आवाज सेकंदाला ६४ किलोबिट या वेगानं येत असेल, तर तासाला साधारण २९ एमबी नेट लागतं. रोज दोन तास ऐकलं तर ५८ एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर हा त्याचा पंचविसावा भागही झाला नाही. काही केंद्रांचा आवाज १२८ किलोबिटनं येतो, तिथं खर्च दुप्पट धरा. तरीही तो व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी, कारण इथं चित्र नसतं, फक्त आवाज असतो. नेट खातात ते एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' उघडा. कुठलं ॲप किती नेट खातं, ते तिथं दिसतं. घरातल्यांनाही दाखवा.

काही गोष्टी लक्षात ठेवा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. रेडिओ ऐकायला ओटीपी किंवा बँकेचा तपशील लागत नाही. कुणी मागितलाच तर देऊ नका. रेडिओ सुरू झाला की स्क्रीन बंद करा, बॅटरी वाचते. इंटरनेटवरचा आवाज काही सेकंद उशिरा येतो, म्हणून त्यावर घड्याळ लावू नका. आणि गावातलं केंद्र साध्या रेडिओवर लागत असेल, तर तिथंच ऐका. त्याला नेट लागतच नाही.

रेडिओला हात अडकत नाहीत, डोळे अडकत नाहीत. निवडणं-टिपणं, शिवण, गोठ्यातलं काम, सगळं चालू ठेवून ऐकता येतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या मावश्या-आज्यांनाही आरोग्याची, शेतीची माहिती स्वतःच्या कानांनी मिळते, दुसऱ्या कुणी सांगायची वाट पाहावी लागत नाही. दिवसातला तासभर असा आपल्या हक्काचा असायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीला मोबाईल घेऊन या. ज्यांना येतं त्यांनी शेजारणीला एक केंद्र लावून द्या. आणि घरी कुणी "नेट संपेल" म्हणालं, तर शांतपणे आकडा सांगा: तासाला २९ एमबी.