हलगी कुठं उभी करायची?

लेझीम चांगली झाली की नाही, हे ठरवताना मी आधी हलगीवाला कुठं आहे ते बघतो. फेटे, गोंडे, पावलं सगळं नंतर. हलगी पथकाच्या पुढच्या टोकाला चालली असेल तर शेवटची रांग मागं पडणार, हे ठरलेलं. तीच दोन रांगांच्या मधून फिरत असेल तर पथक बसवणारा जाणकार आहे म्हणायचं. कुपवाड, मिरज, सांगली, तासगाव या पट्ट्यातल्या मिरवणुका वर्षानुवर्षं बघून माझं हे मत बनलंय आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असतो.

हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पथक 50 मीटर लांब पसरलं, तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या सातव्या हिश्श्याइतका उशिरा पोचतो. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली, तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. म्हणजे शेवटचा गडी पाव ठोक्याहून जास्त मागं! ढोलाच्या घुमाऱ्यात असला उशीर झाकला जातो, लेझमीत नाही. ‘छन्’ ऐवजी ‘छर्रर्र’ ऐकू येतं. हलगी मधोमध आणली की अंतर निम्मं, उशीरही निम्मा.

अमेरिकेतल्या ड्रम कोअरवाल्यांनी हाच पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय. तिथं पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारा ताफा असतो, क्लॅरिनेट-बासरीला मज्जाव. 1972 पासून त्यांची मोठी स्पर्धा भरते. त्यांच्या चित्रफिती बघत मी कितीतरी रात्री घालवल्यात. घरचे याला वेडच म्हणतात. फुटबॉलच्या शंभर यार्डी मैदानावर पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंची. कुठल्या ठोक्याला कोण कुठं उभा राहणार, ते प्रत्येकाला लिहून दिलेलं. तालवाद्यांचा ताफा ते बऱ्याचदा मागच्या बाजूला, मध्यावर ठेवतात आणि पुढच्यांना बजावतात, मागचं ऐकून वाजवा. ठोका मागून प्रेक्षकांकडे निघतो, वाटेतला प्रत्येकजण त्याच्यात सामील होत जातो आणि प्रेक्षकांच्या कानावर सगळं एकदम पडतं.

पण त्यांचा प्रेक्षक एकाच बाजूला, उंचावर बसलेला असतो. आपली मिरवणूक सगळीकडून बघितली जाते आणि बघणारा रस्त्याच्या कडेला उभा असतो. त्याला वर्तुळ दिसत नाही की चांदणी दिसत नाही. पुढच्या दोन रांगा दिसतात, बस. रस्त्यावर दिसते ती उंची. म्हणून आमच्याकडची झांजपथकं मनोरे रचतात, खांद्यावर चढून ढोल वाजवतात. लेझमीतही खाली वाकून एकदम उसळणारा डाव टाळ्या घेतो. मैदानावर शोभणारी नक्षी गल्लीत बसवणाऱ्यांची मला कीव येते. सरावात शाळेच्या गच्चीवरून बघून खूश होतात आणि मिरवणुकीत लोक चहाला निघून जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. ड्रम कोअरचा एक खेळ दहा-बारा मिनिटांचा, त्याला सुरुवात, मध्य, शेवट असतो. रस्त्यावरचा माणूस पथकाबरोबर मिनिटभर असतो. तेवढ्यात त्याला एक डाव पुरा बघायला मिळाला पाहिजे. चालताना छोटी आवर्तनं आणि चौकात थांबून गोल करून मोठे डाव, ही जुनी पद्धत त्यातूनच आली असणार. तासगावच्या रथोत्सवात, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, गर्दी अशी उसळते की पाय टाकायला जागा नसते. तिथं मोठा डाव काढणारा फसतो.

आता इतिहास उरकून घेतो. लेझीम आखाड्यातलं व्यायामाचं साधन. पुढं पालखीपुढं, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणि शाळेच्या कवायतीत शिरली. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या. 1982 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनात सांगलीकडच्या मुलामुलींनी ती नेहरू स्टेडियमवर नेली. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. तरी माझी एक तक्रार आहे. स्टेडियममध्ये सरळ रांग आणि रंगीत कपडेच दिसणार. तीच कवायती लेझीम शाळाशाळांत रुजली आणि आखाड्यातलं कमरेतून वाकणं मागं पडलं.

कुपवाडात सराव बघायचा तर रात्री. पोरं एमआयडीसीतली पाळी संपवून येतात. मैदानावर फक्कीच्या रेषा मारलेल्या असतात, त्या पावसानं दुसऱ्या दिवशी पुसून जातात. कोपऱ्यात हलगीवाला रद्दी पेटवून कातडं शेकतो, टिचकी मारून कान लावतो, पुन्हा शेकतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक, लवचिक काडी. टिपरानं ठोका देतो, काडीनं मधली जागा भरत राहतो. आणि डाव बदलायच्या आधी काडी थांबवतो. एक आवर्तन नुसतं टिपरू! पोरांना तेवढं पुरतं, शिट्टी नंतर वाजते. बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, कारण काहीतरी येणार हे त्यालाही कळतं. यापेक्षा सुंदर रचना मला कुठल्याही चित्रफितीत सापडलेली नाही.

फायबरच्या हलगीला शेकावं लागत नाही, ती पावसालाही भीत नाही. पण तिच्यात टिपरू आणि काडी यांच्या आवाजातला फरक बोथट होतो, मग ही युक्ती निम्मी वाया. शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावायला कारागीर दिवस घालवतो. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हलगीच्या कातड्याची तशी कदर कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं. कुस्तीच्या मैदानात मात्र हलगी-घुमक्याशिवाय जोड लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

डीजेबद्दल लिहिणार नव्हतो. पण निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ती बाजूला ठेवली, तरी भिंतीएवढ्या स्पीकरपुढं हलगीची काडी कुणाला ऐकू येणार?

तेव्हा मंडळांना माझी विनंती आहे. हलगी मधे घ्या. चौकात पथकाला दहा मिनिटं मोकळी द्या. आणि डीजेची गाडी आणायचीच असेल, तर ती लेझमीच्या पाठीला लावू नका.