मौन आणि संमती : अँटिऑक महाविद्यालयातील विद्यार्थिनींची नियमावली

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्याकडे इतके रूढ आहे की, त्यामागील गृहीतक तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मौन हे खरोखरच संमतीचे लक्षण होय काय? प्रश्न भाषाविचाराच्या कक्षेतला आहे. परंतु एका अमेरिकन महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी तो स्वतःच्या सुरक्षिततेसाठी उपस्थित केला. त्यांच्या प्रयत्नाचे स्वरूप विशद करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ओहायओ राज्यातील यलो स्प्रिंग्ज या गावी अँटिऑक हे छोटे महाविद्यालय आहे. तेथे १९९० साली बलात्काराच्या तक्रारी पुढे आल्या, तेव्हा 'विमिन ऑफ अँटिऑक' या विद्यार्थिनींच्या गटाने नियमांची मागणी लावून धरली. त्या आग्रहातून निघालेली लैंगिक अत्याचार प्रतिबंधक नियमावली १९९१ मध्ये स्वीकारली गेली व पुढे सुधारण्यात आली. तिचे मुख्य सूत्र असे की, शारीरिक जवळिकीच्या प्रत्येक नव्या टप्प्यावर शब्दांनी विचारणा व्हावी आणि शब्दांनीच होकार मिळावा. विचारण्याची जबाबदारी पुढाकार घेणाऱ्याची; आधीच्या टप्प्यावरील होकार पुढच्यास पुरत नाही.

१९९३ मध्ये ही नियमावली देशभर गाजली. 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाने तिची थट्टाही केली. अशा नियमांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ज्यास नको असेल त्याने स्पष्ट 'नाही' म्हणावे, एवढे पुरे नाही काय?

भाषिक व्यवहाराचे निरीक्षण या आक्षेपास अनुकूल नाही. सीलिया किट्झिंगर व हॅना फ्रिथ यांनी १९९९ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले की, नित्याच्या संभाषणात नकार बहुधा 'नाही' या शब्दाने दिला जात नाही. क्षणभर थांबणे, सबब सांगणे, अर्धवट होकार देणे यांतून तो व्यक्त होतो आणि ऐकणाऱ्यास कळतोही. मराठीत उसने पैसे मागणाऱ्यास 'बघू' असे उत्तर मिळाले, तर तो त्याचा अर्थ चुकत नाही. मग हाच 'बघू' अन्य प्रसंगी कळला नाही, ही सबब कितपत मानावी? अँटिऑकच्या विद्यार्थिनींनी नकार सिद्ध करण्याचा भार काढून होकार मिळविण्याचा भार दुसऱ्या बाजूवर ठेवला, यातच त्यांच्या सूत्राचे मर्म आहे.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या आरोपातून दोघा पोलिसांस मुक्त केले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नसणे हे त्यामागील एक कारण होते. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी खुले पत्र लिहून शरण जाणे व संमती देणे यांतील भेद दाखविला. २०१३ च्या दुरुस्तीने संमती म्हणजे शब्दांनी, खुणांनी वा अन्य रीतीने व्यक्त झालेली निःसंदिग्ध व स्वेच्छेची मान्यता, अशी व्याख्या कायद्यात आली. केवळ प्रतिकार न करणे ही संमती नव्हे, हेही त्यात नमूद झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणी अंतर्गत समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असतात. परंतु समितीचे कार्य बहुधा तक्रारीनंतर सुरू होते. तक्रारीची वेळ येण्यापूर्वी विचारणे व उत्तर ऐकून घेणे ही सवय मात्र विद्यार्थ्यांनीच आपापसांत रुजवावयाची आहे.