आपत्तीविषयक ग्रंथसंग्रह : कपाटातून संकेतस्थळावर

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. सुमारे दहा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का जाणवला, आणि त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ तीव्रतेचा. मार्चमधील धक्क्यांनंतर लगतच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने एक सूचना प्रसृत केली : घरावरील पत्र्यांना आधार म्हणून ठेवलेले दगड काढून घ्यावेत. सूचना साधी आहे; परंतु छपरावरचा भार जिवावर कसा उठतो, हे मराठवाड्यास ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने हजारो बळी घेऊन शिकविले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि मातीची जड धाबी तेथे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती.

अशा अनुभवांतून निघालेले अहवाल, मानके, नकाशे व पुस्तिका जपण्यासाठी काही देशांत आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र ग्रंथालये उभी राहिली. अलीकडे त्यांची दालने बंद करून संग्रह संगणकीय जाळ्यावर नेण्याकडे कल आहे. ऑस्ट्रेलियात माउंट मॅसेडॉन येथील आपत्ती व्यवस्थापन संस्था बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या नव्या संस्थेने आपले ज्ञानभांडार संकेतस्थळावर खुले केले आहे.

दूरच्या जिल्ह्याचा लाभ

या बदलाचा लाभ हिंगोलीसारख्या जिल्ह्यास अधिक आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या पुरांचा व दुष्काळांचा इतिहास परभणी जिल्ह्याच्या आणि पूर्वीच्या हैदराबाद राज्याच्या कागदपत्रांतच शोधावा लागतो. सेनगावच्या शिक्षकाने किंवा औंढा नागनाथच्या अभियंत्याने एका पुस्तकासाठी पुणे वा दिल्ली गाठावी, हे होणारे नव्हते. कमी मजबुतीच्या दगडी व विटांच्या बांधकामासंबंधीचे १९९३ चे भारतीय मानक १३८२८ आज भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू शकते. भिंतीचे दोन्ही थर सांधणारे लांब दगड कसे घालावेत, कोपरे कसे बांधावेत, हे त्यात आकृत्यांसह सांगितले आहे. गावच्या गवंड्यास मात्र ते वाचता येत नाही, कारण ते इंग्रजीत आहे. हा दोष कपाटात होता, तो संकेतस्थळावरही कायम राहतो.

पाने चढविली, पण सापडत नाहीत

पानांची नुसती छायाचित्रे चढविल्याने ग्रंथालय होत नाही. त्यांतील शब्दांचा शोध यंत्रास घेता येत नाही. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेल्या मराठी मजकुराचीही तीच गत होते; 'कयाधू' असे लिहून शोधले तरी कयाधूच्या पुराची नोंद पुढे येत नाही. संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की जुने दुवे निकामी होतात. कोणता कागद कोणत्या कपाटात आहे हे ग्रंथपालास ठाऊक असे. त्याची ही ओळख सूचीत उतरविण्याआधीच दालनास कुलूप लावणे म्हणजे संग्रह असूनही नसल्यासारखा करणे होय.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले. अशा रात्री वीज आणि दूरध्वनीचे जाळे यांचा भरवसा धरता येत नाही, आणि माहितीची निकड तर नेमकी त्याच वेळी असते.

गावात काय राहावे

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना दरवर्षी तपासून अद्ययावत करावयाची असते व तिच्या प्रती जिल्ह्यातील शासकीय विभागांना द्यावयाच्या असतात. त्याच अधिनियमात स्थानिक प्राधिकरण या संज्ञेत पंचायत राज संस्थाही येतात. जाडजूड योजना संकेतस्थळावर असणे योग्यच आहे. तिच्यातील आपल्या गावापुरती दोन-तीन पाने मात्र पावसाळ्यापूर्वी छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर व शाळेच्या कार्यालयात लावता येतील. मागील पुरात पाणी कोठवर चढले, उंचावरची इमारत कोणती, नाव व दोर कोठे आहेत, गरोदर स्त्रिया आणि अंथरुणास खिळलेली माणसे कोणत्या वस्तीत आहेत, आणि सुटीच्या दिवसांत शाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतात, एवढा मजकूर त्यांवर पुरेसा आहे.