गाडीतले पाणी काढताना

नागपूरच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आमचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून घरोघरी पार्सले पोचवतो. गाडी जुनी घेतलेली, पण रेडिएटरची. भर दुपारी ती तापली, म्हणून त्याने घाईघाईने रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळले आणि मनगट भाजले. आठ दिवस तो घरी बसला. आठ दिवसांची रोजी बुडाली. त्यानंतर कोणी त्याला सांगितले, 'बिनपाण्याचे कूलंट टाक.' ते महाग असते, म्हणून आम्ही आधी माहिती काढली. ती आपल्या कष्टकरी बांधवांपुढे ठेवत आहोत.

पाणी का उसळते? घरचा कुकर आठवा. पाणी १०० अंशांना उकळते. पण दाबाखाली ते त्याहून जास्त तापले तरी उकळत नाही. रेडिएटरचे झाकण असाच दाब धरून ठेवते. झाकण काढताच दाब सुटतो आणि पाण्याची क्षणात वाफ होते.

साध्या कूलंटमध्ये साधारण निम्मे पाणी असते व बाकी ग्लायकॉल. बिनपाण्याच्या कूलंटमध्ये ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये असतात. ते सुमारे १८० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे वाफ नाही, दाब कमी, गंज व क्षारही नाहीत. मात्र पाणी जेवढी उष्णता सामावून घेते, तिच्या साठ टक्क्यांच्या आसपासच ग्लायकॉल घेते. म्हणून इंजिन काही अंश जास्त गरम चालते, पंखाही जास्त वेळ फिरतो. या कूलंटने गाडी थंड होत नाही. ती उकळत नाही, एवढेच खरे.

म्हणून आधी रोग शोधावा. आमच्या गाडीत बोअरचे पाणी भरून भरून रेडिएटरमध्ये क्षार साचले होते, पंख्याचा फ्यूजही गेला होता. हे तसेच ठेवून महागडे कूलंट ओतले असते, तर पैसे वाया गेले असते.

दुरुस्ती झाल्यावर एका रविवारी आम्ही बदल केला. इंजिन पूर्ण थंड असताना खालचा बोल्ट काढून सगळे पाणी सोडले. होज पाइप सोडवले, जादा कूलंटची बाटली रिकामी केली, हलक्या दाबाच्या हवेने आतले पाणी उडवले. मग पाणी शोषून घेणारे खास द्रव्य फिरवून तेही काढून टाकले. नंतरच नवे कूलंट भरले आणि आत अडकलेली हवा काढली. आत तीन टक्क्यांहून जास्त पाणी उरता कामा नये. गाडीत एक लिटर कूलंट मावत असेल, तर ते फक्त ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे! मेकॅनिकने रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावर थेंब तपासून खात्री करून दिली. हे अर्धवट करायचे असेल, तर करूच नये. वाटेत गळती झाली तरी पाणी ओतायचे नाही. त्याच कूलंटची छोटी बाटली जवळ ठेवावी. आणि कूलंट कुठलेही असो, गरम गाडीचे झाकण उघडू नये.

माताभगिनींना एक विनंती. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. साध्या कूलंटमध्ये ते असते, बिनपाण्याच्या कित्येक कूलंटमध्येही असते. काढलेले कूलंट सरबताच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये, अंगणात ओतू नये. लेकरू किंवा कुत्रे चाटेल. गॅरेजमध्येच जमा करावे.

मग प्रत्येकाने हा खर्च करावा का? नाही. ज्या गाडीला रेडिएटरच नाही, तिचा हा प्रश्नच नव्हे. ज्यांच्या गाडीला रेडिएटर आहे, त्यांनी चांगले तयार कूलंट वेळेवर बदलले तरी पुरते. गाडी वॉरंटीत असल्यास कंपनीच्या केंद्रात आधी विचारावे. भाऊ दिवसभर उन्हात आणि गर्दीत थांबत थांबत गाडी चालवतो, म्हणून आम्ही हा खर्च केला. गाडी विकत घेताना आपण पै पै जोडतो. तिच्या पोटात काय ओतले जाते, तेही विचारून घ्यावे.