विजेरीचा घट कसा पारखावा

विजेरी विकत घेतांना आपण तिचा झोत भिंतीवर पाडून पाहतों. परंतु त्या प्रकाशाचें सारें भांडवल ज्या घटांत सांठविलेलें असतें, तो घट मात्र क्वचितच पारखतों. पावसाळ्यांत रात्रीं वीज गेली असतां, अथवा शेताच्या बांधावरून घरीं परततांना, विजेरी मध्येंच विझली तर तिच्या चकाकणाऱ्या नळीचा कांहींच उपयोग होत नाहीं. पायांखालीं साप आहे कीं दोरी, हेंही कळत नाहीं. अलीकडे पुन्हा पुन्हा भरतां येणारे लिथियमचे घट घरोघरीं आले आहेत. त्यांची शक्ति मोठी, तशी जोखीमही मोठी. म्हणून असा घट निवडतांना काय पहावें, हें विद्यार्थी व पालक या उभयतांस कळावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लिथियम हा सर्व धातूंमध्यें हलका. या घटांत लिथियमचे विद्युद्भारित कण दोन अग्रांमध्यें ये-जा करितात. घट भरतांना ते ऋण अग्राकडे जातात, आणि वापरतांना धन अग्राकडे परततात. अशा घटाचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. बाजारांत हा घट प्रथम जपानांतील सोनी कंपनीनें १९९१ सालीं आणिला.

विजेरीस हा घट विशेष मानवतो, त्याचें कारण सोपें आहे. हल्लींच्या विजेरींतील पांढऱ्या एलईडी दिव्यास सुमारें तीन व्होल्टचा दाब लागतो. साधा कोरडा सेल दीड व्होल्ट, आणि पुन्हा भरण्याचा निकेलचा सेल १.२ व्होल्ट देतो. म्हणून त्यांचे दोन-तीन नग जोडावे लागतात, किंवा दाब वाढविणारी योजना आंत बसवावी लागते. लिथियमचा एकच घट सरासरी ३.६ व्होल्ट देतो.

या घटांवर १८६५० किंवा २१७०० असा आंकडा असतो. पहिले दोन अंक जाडी व पुढील दोन लांबी मिलिमीटरांत सांगतात. शेवटचें शून्य म्हणजे घट नळकांड्याच्या आकाराचा आहे. धारणशक्ति मात्र निराळी लिहिलेली असते, ती ‘एमएएच’ म्हणजे मिलिअँपिअर-तास या मापानें. चांगल्या १८६५० घटाची धारणशक्ति ३,५०० च्या आसपास असते. तीस दाबानें गुणिलें असतां सुमारें १२.६ वॅट-तास ऊर्जा येते. दिवा तीन वॅट खर्च करीत असेल, तर ही शिदोरी चार तास पुरते. निकेलच्या २,००० एमएएच सेलांत केवळ २.४ वॅट-तास मावतात. म्हणजे पांच निकेल सेलांचें काम लिथियमचा एक घट करितो, आणि वजन भरतें एक-तृतीयांश!

येथें एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. मोठी धारणशक्ति म्हणजेच उत्तम घट, असें नाहीं. रांजण मोठा असला तरी त्याची तोटी बारीक असूं शकते. सॅमसंग कंपनीचेच दोन घट घ्या. ‘३५ई’ या घटांत ३,५०० एमएएच सांठतात, परंतु त्यांतून सतत आठ अँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. ‘२५आर’ यांत २,५०० च सांठतात, परंतु तो वीस अँपिअर देतो. मंद प्रकाश रात्रभर हवा असल्यास पहिला बरा. डोळे दिपविणारा प्रखर झोत हवा असल्यास दुसरा. तिसरा प्रकार लिथियम-लोह-फॉस्फेटचा. त्याचा दाब ३.२ व्होल्ट, त्यांत मावणारी ऊर्जा निम्म्याहून कमी. पण तो उष्णतेस सहज बिचकत नाहीं, आणि साधा लिथियम घट तीनशें ते पांचशें वेळां भरल्यावर थकूं लागतो, तर हा दोन हजार वेळांपर्यंतही टिकतो. मात्र त्यास भरण्याचें यंत्र वेगळें लागतें.

आतां मोलाचा विचार करूं. बाजारांत ९,९०० एमएएच असे छापलेले स्वस्त १८६५० घट मिळतात. त्या आकारांत इतकी ऊर्जा मावतच नाहीं. हा आंकडा निव्वळ खोटा. घरांतील वजनकाट्यावरही परीक्षा होते. खरा घट ४५ ते ५० ग्रॅम भरतो; फारच हलका भरला तर आंत लहानसा घट दडवून बाकीची जागा भरलेली असण्याचा संभव असतो. समजा, एक खरा घट सहाशें रुपयांस मिळाला, तो १२ वॅट-तासांचा असून तीनशें वेळां भरला. त्यानें रुपयास सहा वॅट-तास दिले. दुसरा दीडशें रुपयांचा, आंत खरोखर चारच वॅट-तास, आणि शंभर वेळांत संपला. त्यानें रुपयास तीनही दिले नाहींत. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु पद्धति ध्यानांत ठेवावी: ऊर्जा गुणिलें आवर्तनें, भागिलें किंमत. म्हणजे स्वस्त कोणतें आणि महाग कोणतें, तें आपोआप दिसतें.

किमतींत न दिसणारी एक बाजू म्हणजे सुरक्षितता. अति भरलेला, चेपलेला किंवा अग्रें परस्परांस भिडलेला घट तापून पेट घेऊं शकतो. यास्तव घरगुती वापरास संरक्षक चकती असलेला घट घ्यावा. तो दोन-चार मिलिमीटर लांब असतो, म्हणून विजेरींत बसतो कीं नाहीं तें आधीं पहावें. ४.२ व्होल्टवर थांबणाऱ्या यंत्रावरच तो भरावा, आणि तो भरत असतां अंथरुणावर ठेवूं नये. सुटा घट खिशांत किल्ल्या व नाण्यांबरोबर बाळगूं नये. वरचें वेष्टण फाटलेला घट वापरूं नये. दीड व्होल्टच्या सेलासाठीं केलेल्या विजेरींत त्याच आकाराचा लिथियम घट घालूं नये. दिवा जळून जाईल. दीर्घकाळ ठेवावयाचा असल्यास अर्धा भरून थंड जागीं ठेवावा. निकामी झाल्यावर केरांत वा आगींत न टाकतां जमा करून घेणाऱ्यांकडे द्यावा. त्यासाठीं आपल्या देशांत २०२२ सालीं स्वतंत्र नियमही झाले आहेत.

लहान मुलांच्या हातीं द्यावयाच्या विजेरीस मात्र निकेलचे सेलच योग्य. त्यांत ऊर्जा कमी असली तरी धास्तीही कमी. प्रखर किंवा दीर्घ प्रकाशाची खरी गरज जेथें आहे, तेथें लिथियमास तोड नाहीं. परंतु घेणाऱ्यानें वेष्टणावरच्या मोठ्या आंकड्यास न भुलतां चार प्रश्न विचारावेत: माझ्या दिव्यास प्रवाह किती लागतो? घटांत ऊर्जा खरी किती? तो किती वेळां भरेल? आणि चूक झाली तर तो मला सांभाळील काय? या प्रश्नांचीं उत्तरें ज्यास देतां येतील, त्याची विजेरी ऐन अंधारांत त्यास दगा देणार नाहीं.